प्रथम दर्शनाची वेळ

१८ मे १९९२, सोमवार

क्रॉलीसाहेबांचं पत्र आलं. 'साहेब' म्हणावंसं वाटत नाही, पण हाताला वळण पडलंय. गेल्या हिवाळ्यात आमच्या ढग-निरीक्षक मंडळाचे जुने संयोजक थकले म्हणून घरी बसले आणि त्यांच्या जागी हा निवृत्त दातांचा डॉक्टर आला. राहतो इंग्लंडच्या पार खालच्या टोकाला. तिथून निशादीप्त ढग, रात्री उत्तरेला चमकणारे ते उंच ढग, उन्हाळ्यात दोनदा दिसले तरी लोक स्वतःला भाग्यवान समजतात. आणि हा मला शिकवणार!

पत्र इथे डकवून ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही.

"कुमारी फार्कर यांस, आपण गेल्या उन्हाळ्यात पाठवलेल्या अकरा रात्रींच्या नोंदी तूर्त बाजूला ठेवल्या आहेत. आपल्या 'प्रथम दर्शना'च्या वेळा दुसऱ्या एका निरीक्षकाच्या वेळांशी अकराही रात्री दोन-तीन मिनिटांच्या फरकाने जुळतात. असे आपोआप घडणे कठीण. कृपया खुलासा करावा."

खुलासा म्हणे! पस्तीस उन्हाळे मी होपमन गावच्या या खिडकीतून उत्तरेकडे बघतेय. पहिले चोवीस वडिलांबरोबर, नंतरचे अकरा एकटीने. ढग दिसले तर दर पाव तासाला नोंद, नाही दिसले तर 'आकाश स्वच्छ, ढग नाहीत' अशीही नोंद. तापात फणफणले होते तेव्हासुद्धा तक्ता कोरा सोडला नाही. आणि आता मी दुसऱ्याची पाटी बघून लिहिणारी झाले!

२० मे, बुधवार

उत्तर टाकलं. चार कागद फाडले, पाचवा पाठवला. त्यातला सगळ्यात सौम्य भाग असा: "नक्कल झाली असेल तर ती माझ्या नोंदींची झाली आहे. त्या माणसाचं नाव कळवा."

बेकरीत एल्माला सांगितलं. ती मालकीण असली तरी पहाटे चारला आम्ही दोघीच कणकेत कोपरापर्यंत हात घालून उभ्या असतो, तेव्हा मालकी वगैरे काही उरत नाही.

"नेटा, ढगांची नक्कल करून कोणाला काय मिळणार गं?" ती म्हणाली.

"काही मिळत नाही म्हणूनच तर इतकी वर्षं कोणी खोटं लिहिलं नव्हतं," मी म्हटलं आणि गोळा इतका जोरात आपटला की पीठ उडून दोघींच्या तोंडावर.

२९ मे, शुक्रवार

मोसमातलं पहिलं दर्शन. आणि मोसमातला पहिला हलकट फोनही.

रात्री बारा वाजून अडतीस मिनिटांनी जिन्याखालचा फोन खणाणला. दोन घंटा आणि बंद. गेल्या उन्हाळ्यातही हेच चाललं होतं. हिवाळाभर शांत होता म्हणून वाटलं, मेला असेल तो जो कोण आहे तो. मेला नाही. मी अनवाणी, शिव्या घालत खाली आले, उचलून कानाला लावला तर नुसती घरघर.

झोप मोडलीच होती म्हणून खिडकीशी गेले. आणि काय सांगू! समुद्रापलीकडच्या डोंगरांवर निळसर-रुपेरी पट्टे, तीन बोटं उंच. साधे ढग खाली काळे पडलेले, आणि हे वर, सूर्य बुडून जवळजवळ तीन तास झाले तरी त्याचं ऊन खाणारे. प्रथम दर्शन १२.४१. तेज पाचपैकी तीन. सव्वादोनला फिकट झाले.

वडील म्हणायचे, आमच्या घराण्याला हे ढग हाक मारतात. त्यांना नेमकी वेळेवर जाग यायची. ते गुण माझ्यात उतरलेत. क्रॉलीला काय कळणार.

३ जून, बुधवार

१.०७ ला फोन. १.१० ला ढग, पडद्यासारखे, फिकट. जेमतेम दीड तासाच्या झोपेवर बेकरीत गेले. बटरीचा, आमच्या त्या लोणी घातलेल्या चपट्या पावांचा, पहिला घाणा करपला. एल्माने तो स्वतःच उचलून बाजूला ठेवला, ते जास्त लागलं.

७ जून, रविवार

काल परत फोन, ११.५२. आज मी छडा लावला.

तो डॉड आहे. शेजारचा, बिनलग्नाचा, पंचावन्न वर्षांचा घोडा. रात्री दारूच्या गुत्त्यावरून अकरानंतर कधीही निघतो, कोपऱ्यावरच्या टेलिफोन डब्याजवळून जातो. आणि फोन फक्त निरभ्र रात्रीच येतात, कारण पावसात हा कुठेच जात नाही. हिशेब सरळ आहे.

प्रार्थनेनंतर, लोक बाहेर उभे असताना, मी त्याला गाठलं.

"डॉड, लाज वाटते का? म्हाताऱ्या बाईची झोप मोडून काय मिळतं तुला?"

"कोण म्हातारी? तू?" तो हसला. "अगं, मी रात्री तुला कशाला फोन करीन? तू दिवसा बोलतेस ते काय कमी आहे?"

सगळे हसले. मी म्हटलं, "हसा. पोलिसांत देईन तेव्हाही हसा."

"दे की. आणि त्यांना हेही सांग की अर्ध्या रात्री खिडकीत उभं राहून आकाशाकडे मूठ उगारणारी बाई कोण ती. माझ्याकडचे नवे भाडेकरू घाबरलेत."

मूठ उगारत नाही मी! हात ताठ पुढे धरला की मूठ दहा अंशांची होते. त्यावरून उंची मोजतात. पण त्या गाढवाला गीता कोण सांगणार.

११ जून, गुरुवार

टेलिफोनच्या कचेरीत जाऊन आले. काउंटरवरची मुलगी गोड बोलली. फोन कुठून येतो ते आत्ता शोधता येणार नाही, पण प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ लिहून ठेवा, महिन्याने बघू. मी म्हटलं, "बाई, लिहून ठेवणं मला सांगू नका. माझं अख्खं आयुष्य त्यातच गेलंय."

या वहीच्या शेवटच्या पानावर यादी सुरू केली. गेल्या उन्हाळ्यातल्या वेळाही जुन्या वहीतून उतरवल्या. तेव्हाही संतापाने लिहिल्या होत्याच. अकरा.

१६ जून, मंगळवार

क्रॉलीचं दुसरं पत्र. त्या निरीक्षकाचं नाव नियमानुसार देता येत नाही. पण 'विचार करण्यासारखी बाब' अशी की माझी वेळ नेहमी त्याच्या वेळेनंतरची आहे, कधीच आधीची नाही. म्हणजे नक्कल कोणी कोणाची केली हे मीच ठरवावं!

मी उलट टपाली लिहिलं: "डोळे देवाने दिलेत, घड्याळ वडिलांनी. दोन्हींनी मला कधी फसवलं नाही. तुम्ही इथे या, माझ्या खिडकीत उभे राहा, आणि मग बोला." टपाल पेटीत टाकताना पेटीचं झाकण इतकं आपटलं की पोस्टमास्तरीण बाहेर आली.

२४ जून, बुधवार

१२.१९ ला फोन. या वेळी तीन घंटा. मी धावत उचलला आणि ओरडले, "कोण आहे रे मेल्या? तोंड आहे की नाही?"

पलीकडे कोणीतरी श्वास घेतला. खोकला आल्यासारखं झालं. मग खट्ट.

बाहेर लाटाच लाटा. ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा, पण चांदीच्या, आणि अर्ध्या आकाशापर्यंत. तेज पाच. पाच मी आयुष्यात सहा-सात वेळाच दिला असेल. मी खुर्ची ओढून बसले आणि दोन तास लिहीत राहिले. फोनचा राग येत होता आणि खिडकीपुढे तो टिकतही नव्हता. त्याचाही राग आला.

३० जून, मंगळवार

पुरे झालं. महिन्याभरात आठ फोन. एल्मा म्हणाली, "नेटा, झोपेत भट्टीत हात घालशील एक दिवस." खरं आहे. आज फोनची वायर भिंतीतून उपटून ठेवलीय. बस आता मेल्या घंटा वाजवत.

२ जुलै, गुरुवार

काल लिहवलं नाही.

परवा रात्री मी सलग झोपले. दोनला गजर झाला तेव्हा उठले, अंधारात तोंड धुतलं, मागच्या दाराने बेकरीत गेले. उत्तरेकडे पाहिलंही नाही, कारण जाग आली नव्हती म्हणजे ढग नव्हते.

सहाला पहिलं गिऱ्हाईक आलं ते तेच बोलत. मग मासेवाले, मग शाळेचा शिपाई. "नेटा, काल बघितलंस ना? डोक्यावरून पार दक्षिणेपर्यंत! पेपर वाचता येत होता म्हणे बंदरावर!" डॉडनेसुद्धा पाहिलं. गुत्त्यातून बाहेर पडून, भिंतीला टेकून, तासभर. मला म्हणाला, "तुझे ढग मला आवडले. तू कुठे होतीस? खिडकीत दिसली नाहीस, म्हणून बरी आहेस ना असं वाटलं."

मी बटरी मोजत राहिले आणि चुकत राहिले.

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मोठ्यात मोठं दर्शन आणि मला जाग आली नाही. ढगांनी हाक मारणं सोडलं बहुतेक. वय झालं. तक्त्यात काय लिहू? 'निरीक्षक झोपली होती' असा रकानाच नाही.

वायर परत लावली. फोनसाठी नाही. एल्मा कधी बोलावते म्हणून.

९ जुलै, गुरुवार



क्रॉलीने नाव कळवलं. त्या निरीक्षकाने स्वतःच परवानगी दिली म्हणे. "हेम्सडेलचे श्री. स्ट्रुअन फार्कर. आपले आडनाव एकच असल्याने नाते असल्यास तेही कळवावे."

नातं! माझा सख्खा भाऊ. धाकटा. समुद्राच्या पलीकडे, माझ्या खिडकीसमोरच्या त्या डोंगरांच्या पायथ्याशी राहतो. वडिलांना पुरून महिना झाला नव्हता, तेव्हा मी मावशीकडे गेले असताना या माणसाने त्यांची होडी वाळूवर आडवी पाडून करवतीने कापली. मला न विचारता. मी परत आले तर फळ्यांचा ढीग. त्या होडीत मी वल्हं मारायला शिकले होते. ती मीच वापरणार होते, तसं सगळ्या गावाला सांगितलंही होतं. 'तळ कुजला होता' म्हणाला. तळ कुजला होता की लाकूड हवं होतं? त्या दिवसापासून अकरा वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही. पत्रं यायची, ती 'पाठवणाऱ्यास परत' लिहून, न उघडता टाकली. मागच्या वर्षीपर्यंत येत होती.

आणि आता हा ढगही बघतो. वडिलांचे ढग. होडी पुरली नाही याला.

क्रॉलीला तार करावीशी वाटते: अकरा वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याची नक्कल मी कशी करणार, दातांच्या डॉक्टरा?

तेच लिहायला बसले. पुरावा म्हणून स्ट्रुअनच्या वेळा पाहिल्या. क्रॉलीने यादी जोडलीय. २९ मे, १२.३८. ३ जून, १.०७. ६ जून, ११.५२.

या वेळा मी कुठेतरी वाचल्यात.

१० जुलै, शुक्रवार

वहीचं शेवटचं पान आणि क्रॉलीची यादी शेजारी ठेवली. गेल्या वर्षीच्या अकरा, या वर्षीच्या आठ. एकोणीसच्या एकोणीस. त्याने ढग पाहिले तेच मिनिट, फोनचं मिनिट.

दोन घंटा. ऊठ. बघ.

मी कितीतरी वेळ त्या जिन्यावर बसून होते. खरं सांगायचं तर आधी आला तो रागच, आणि तोही भलताच. ढग मला हाक मारत नव्हते! मी गावभर मिरवत होते, वडिलांचा गुण उतरलाय म्हणून. उतरला कसला? मला उठवायला माणूस ठेवलेला होता.

बेकरीत गेले नाही. एल्माला निरोप दिला, पोट बिघडलंय. खोटं.

११ जुलै, शनिवार

सकाळी दहाला नंबर फिरवला. पत्रांच्या पाठीवर छापलेला असायचा, तो पाठ होता. कसा, देव जाणे.

"हॅलो?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मला वाटलं, नंबर चुकला.

"स्ट्रुअन, निर्लज्ज माणसा," मी म्हटलं, "तू मला गेलं वर्षभर चोरासारखा फोन करतोयस."

पलीकडे तोच खोकला. मग, "तीस तारखेला उचलला नाहीस. नुसता वाजत राहिला. मी पाच वेळा केला. मला वाटलं..."

"मेले वाटलं? वायर काढली होती मी! तुझ्यामुळे! आणि तुझ्यामुळेच चुकलं ते दर्शन!"

"माझ्यामुळे?"

"मग कोणामुळे? तोंड नव्हतं बोलायला?"

"बोललो असतो तर तू ठेवला असतास."

"ठेवलाच असता!"

"म्हणून नाही बोललो."

मी आणखी भडकले. होडी काढली. तो म्हणाला, "नेटा, तळात माझी मूठ आरपार गेली होती. तू कोणाचं ऐकणार होतीस का? पहिल्या वाऱ्याला निघाली असतीस." मी म्हटलं, मला सांगायला हवं होतंस. तो म्हणाला, हो, सांगायला हवं होतं. त्याने असं मान्य केलं की माझ्या हातात काही उरेना.

मी म्हटलं, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. बायकोला दे फोन, इशबेलला. ती तरी शहाणी आहे."

"इशबेल नाही."

"कुठे गेलीय?"

"गेली, नेटा. गेल्या वर्षी जानेवारीत."



"मला कळवलं का नाहीस?" माझा आवाज अजून रागाचाच निघत होता. त्याला दुसरं काही जमत नाही.

"पत्र टाकलं होतं," तो म्हणाला. "परत आलं."

१३ जुलै, सोमवार

मागच्या वर्षी जानेवारीत मी काय करत होते ते आठवून पाहिलं. आठवत नाही. पाकिटावर दोन शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो.

आज दोन कामं केली.

एक, डॉडच्या दारात डझनभर ताज्या बटरी घेऊन गेले. म्हटलं, "फोन तू करत नव्हतास."

"हे मीच तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. माझं चुकलं."

त्याने पिशवीत नाक घातलं. "एवढ्या? अजून काही आरोप असतील तर कर, लोणीही संपलंय."

दुसरं, क्रॉलीला पत्र. हे एकाच कागदावर झालं, फाडावं लागलं नाही. लिहिलं की श्री. फार्कर माझे भाऊ आहेत, ढग दिसताच ते मला फोन करून उठवत होते, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. माझ्या एकोणीस 'प्रथम दर्शना'च्या वेळा माझ्या नाहीत, त्या खोडाव्यात. त्यापुढची प्रत्येक पाव तासाची नोंद माझ्या डोळ्यांची आहे, ती खोडू नये. आणि ३० जूनच्या रात्री आकाश स्वच्छ होतं, दर्शन मोठं होतं, निरीक्षक झोपली होती.

शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात वेळ लागला.

१७ जुलै, शुक्रवार

क्रॉलीचं उत्तर. खुलासा पुरेसा आहे, नोंदी स्वीकारल्या, विचारणेमुळे त्रास झाला त्याची खंत आहे. वर आणखी: पंचेचाळीस किलोमीटरच्या अंतरावरून दोघांनी दर पाव तासाला, एकाच मिनिटाला केलेल्या नोंदी म्हणजे ढगांची उंची काढायला मोलाची गोष्ट. असा योग मंडळाला क्वचित मिळतो.

खंत आहे म्हणे. माझे पाच कागद, दोन महिन्यांची झोप, आणि याला खंत. पण पत्र डकवलंय.

एल्माकडे दोन दिवसांची रजा मागितली. बावीस वर्षांत पहिली. तिने कुठे जातेस विचारलं नाही, फक्त बटरीची पिशवी आणखी जड केली.

१८ जुलै, शनिवार. हेम्सडेल

एल्गिनहून इन्व्हरनेस, तिथून उत्तरेची गाडी. खिडकीतून सारखा समुद्र. पलीकडे माझा किनारा, उलट्या बाजूने. रस्ताभर मनात भांडण जुळवत होते. पहिलं वाक्य काय, दुसरं काय. फलाटावर उतरले तेव्हा सगळं तयार होतं.

तो एकटाच उभा होता. कोट मोठा झालाय त्याला. माणूस एवढा आटतो का दीड वर्षात?

"वाटलं नव्हतं येशील," तो म्हणाला.

"वाटतं ते नेहमी खरं नसतं," मी म्हटलं, आणि पिशवी त्याच्या हातात कोंबली. जुळवलेलं भांडण गाडीतच राहिलं.

घर स्वच्छ आहे, आणि ते बघवत नाही, कारण दोन खुर्च्यांपैकी एकीचीच गादी झिजलीय. दुपारी इशबेलच्या थडग्याशी गेलो. मी फुलं आणली नव्हती. तिथेच कुंपणाचं रानगवत उपटून साफ केलं, हात चिरले. तो म्हणाला, "राहू दे, मी करतो दर रविवारी." मी म्हटलं, "आज शनिवार आहे," आणि करत राहिले.

जेवताना त्याने सांगितलं. ती गेल्यावर झोप अशी येईनाच. खिडकीत बसायचा. जूनमध्ये एका रात्री ते ढग उगवले आणि घरात सांगायला कोणी नाही. म्हणून फोन फिरवला, आणि वडिलांसारख्या नोंदीही मंडळाला धाडू लागला. "आणि तुझा दिवा लागला असेल असं धरून चालायचो. इथून काही दिसत नाही, पण धरून चालायचो."

मी म्हटलं हेरिंग मासा खारट झालाय. झालाही होता.

१९ जुलै, रविवार, पहाट

रात्रभर जागलो. उत्तरेच्या खिडकीत दोन खुर्च्या. दुसरी मी स्वयंपाकघरातून आणली, इशबेलच्या खुर्चीला हात लावला नाही.

ढग नाहीत. म्हणजे साधे ढग भरपूर, आभाळ डोंगरापासून समुद्रापर्यंत घट्ट झाकलेलं, नंतर रिमझिमही. साडेबाराला तो म्हणाला, "आज काही दिसायचं नाही, झोप जा." मी म्हटलं, "मला सांगू नकोस." पाऊणला गेल्या महिन्याच्या तक्त्यांवरून वाजलं. चोवीस जूनला त्याने 'पट्टे' लिहिलेत, धडधडीत लाटा होत्या. मी म्हटलं, "डोळे तपासून घे." तो म्हणाला, माझ्याकडून लाटा आणि त्याच्याकडून पट्टे दिसू शकतात, कोन वेगळा. मी म्हटलं, कोनाचं मला सांगू नकोस. अडीच वाजेपर्यंत चाललं. दोघांचाही घसा बसला.

मग तो म्हणाला, "दोघं एका खिडकीत असले की उंची काही निघत नाही. मंडळाच्या दृष्टीने ही रात्र फुकट गेली."

"जाऊ दे फुकट," मी म्हटलं, आणि तक्ता ओढून घेतला.

स्थान: हेम्सडेल. आकाश: पूर्ण झाकलेलं. निशादीप्त ढग: दिसण्याजोगी स्थिती नाही. निरीक्षक: दोन.